हात बसेपर्यंत

गिटारच्या पहिल्या तासाला चांगला शिक्षक सहसा कॉर्ड शिकवत नाही. तो आधी खुर्ची बदलतो. हात असलेली खुर्ची बाजूला सारून बिनहातांची, पाय जमिनीवर सपाट टेकतील एवढ्या उंचीची खुर्ची पुढे करतो. गिटार मांडीवर घ्यायला लावतो आणि म्हणतो, ‘‘आता डावा हात सोडा.’’ हात सोडताच बहुतेकांच्या गिटारची मान खाली झुकते. म्हणजे इतका वेळ वाद्याचं वजन डाव्या हातावर होतं. ज्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या, क्षणाक्षणाला जागा बदलायच्या, त्याच हाताने वाद्यही तोलून धरायचं म्हटलं तर बोटं मोकळी राहणार कशी? मग शिक्षक उजव्या हाताचा कोपराखालचा भाग गिटारच्या कडेवर टेकवायला सांगतो, वाद्य छातीशी किंचित जवळ घेतो, मान थोडी वर उचलतो. डावा हात सोडला तरी गिटार जागची हलत नाही, इथपर्यंत यायला कुणाला पाच मिनिटं लागतात, कुणाला वीस.

त्यानंतर एक तार आणि एक बोट. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या फ्रेट. सतारीवर त्यांना आपण पडदे म्हणतो. नवशिका दोन फ्रेटच्या बरोबर मधोमध बोट ठेवतो आणि तार छेडतो. आवाज खरखरतो. तो आणखी जोर लावतो. नख पांढरं पडतं, मागून अंगठा चिमटा घेतो, खांदा कानाकडे चढतो, आणि खरखर काही जात नाही. शिक्षक त्याचं बोट थोडं पुढे, फ्रेटला जवळजवळ खेटून ठेवतो आणि उलटंच सांगतो, ‘‘आता दाब कमी करत जा, आवाज बिघडेपर्यंत.’’ दाब अर्ध्यावर येतो तरी सूर स्वच्छच असतो. कारण साधं आहे. सूर ठरवतो तो धातूचा फ्रेट. बोटाचं काम तार त्या धातूला टेकवून ठेवण्यापुरतं. बोट फ्रेटच्या जितकं जवळ, तितका कमी जोर पुरतो.

एवढ्या लहान गोष्टीवर सबंध तास घालवणं नव्या विद्यार्थ्याला पटत नाही. त्याच्या डोक्यात एखादं गाणं असतं आणि ते त्याला आजच वाजवायचं असतं. पण जास्त दाबण्याची सवय एकदा लागली की ती प्रत्येक कॉर्डमध्ये, प्रत्येक गाण्यात शिरते, मनगट आखडून टाकते, आणि पुढे सुटता सुटत नाही. मी नवशिक्यांना शिकवत आलो आहे, आणि माझ्याकडे काही महिने घरच्या घरी शिकून येणाऱ्यांचा पहिला महिना बहुधा या एका सवयीमागे जातो.

गिटार शिकायला आज शिक्षक लागतोच असं नाही. इंटरनेटवर धडे फुकट आहेत, आणि त्यातले काही फार मनापासून तयार केलेले आहेत. आंद्रेस सेगोवियासारखा विसाव्या शतकातला थोर क्लासिकल गिटारवादक स्वतःला स्वयंशिक्षित म्हणवत असे. पुस्तकावरून शिकण्याची परंपरा तर पाच शतकांची आहे. लुईस मिलान यांनी १५३६ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक छापलं. व्हिउएला हे गिटारच्या जवळच्या नात्यातलं वाद्य कुणालाही पहिल्यापासून शिकता यावं म्हणून त्यात रचना सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या आहेत, तारा रेघांनी आणि फ्रेट आकड्यांनी दाखवलेले आहेत. आजचे विद्यार्थी मोबाइलवर जी ‘टॅब’ वाचतात ती याच पद्धतीची.

तरीही पहिल्या वर्षात समोर बसलेल्या माणसाला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओ दाखवतो, पण तुमच्याकडे बघत नाही. नवशिक्याचं सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांवर असतं. त्यामुळे त्याचा ताल सुटतो तो त्याला ऐकूच येत नाही. खांदा चढलेला असतो ते त्याला जाणवत नाही. दुसरी तार करंगळीच्या कडेला लागून मुकी झाली आहे हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की काहीतरी चुकतंय आणि ‘आपल्याला जमत नाही.’ फेंडर या अमेरिकी गिटार-कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी २०१६च्या सुमारास मुलाखतीत सांगितलं होतं, की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांतले सुमारे नव्वद टक्के लोक वर्षाच्या आत ती सोडून देतात. माझ्या पाहण्यात सोडून देणाऱ्यांत आवड नसलेले थोडे आणि अडलं कुठे हेच न कळलेले जास्त.

सरावाविषयीचं एक प्रसिद्ध संशोधन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे त्यातून ‘दहा हजार तास’ हे सूत्र जगभर पसरलं. तासांचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि सरावाची व्याख्या मागे पडली. एरिक्सन यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो शिक्षकाने विद्यार्थ्याची नेमकी उणीव हेरून आखून दिलेला सराव, ज्यात चूक झाली की ती लगेच ध्यानात येते आणि सुधारता येते. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वीस वेळा वाजवणं त्या व्याख्येत बसत नाही.

समोरासमोर बसून तालीम घेणं आपल्याला नवीन नाही, आणि पाश्चात्त्य वाद्यांच्या बाबतीतही ते आपल्याकडे जुनं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना नोटेशन वाचायला, सोल्फा गायला आणि व्हायोलिनसारखी वाद्यं वाजवायला शिकवत. तिथून तयार होऊन निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. त्यांच्यातलेच अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात आलेलं नाव ही शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना आहे. धोबीतलावला १८६५ साली सुरू झालेलं फुर्ताडोजचं दुकान याच संगीतविश्वाचा भाग. मुंबईतल्या कित्येकांची पहिली गिटार आणि पहिलं नोटेशनचं पुस्तक तिथूनच घरी आलेलं आहे.

गिटार विकत घेण्याआधी शिक्षक ठरवावा, असा माझा आग्रह असतो. उलट क्रमाने गेलं की बहुधा चुकीचं वाद्य घरात येतं. पहिला प्रश्न तारांचा. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात. पूर्वी त्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांची टंचाई झाली आणि १९४०च्या दशकात न्यूयॉर्कचे ॲल्बर्ट ऑगस्टीन यांनी सेगोवियांच्या पाठबळावर नायलॉनच्या तारा आणल्या. अकूस्टिक म्हणून जी विकली जाते तिच्या तारा पोलादी. पोलादी सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास राहतो. म्हणून नायलॉन बोटांना सौम्य. पण क्लासिकल गिटारची मान रुंद असते, वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर, तर पोलादी तारांच्या गिटारची साधारण ४३. आखूड बोटांच्या माणसाला मऊ तारांचा फायदा रुंद मानेत गमवावा लागू शकतो. हे दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट तारांच्या उंचीची, जिला वाजवणारे ‘ॲक्शन’ म्हणतात. स्वस्त गिटारवर ती हटकून जास्त असते. पोलादी तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तार अडीच-तीन मिलिमीटरहून जास्त उंच असेल, तर ती गिटार नवशिक्याला छळणार हे नक्की. ब्रिजवरची पांढरी पट्टी घासून, मानेतली सळई फिरवून ही उंची कमी करता येते. वाद्य दुरुस्त करणारा कारागीर थोड्या पैशांत हे काम करून देतो, आणि महागड्या गिटारपेक्षा नीट ‘सेटअप’ केलेली साधी गिटार शिकायला कधीही बरी. आपल्याकडे हवेचाही विचार करावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी किंचित फुगते आणि तारा वर उचलल्या जातात; पोलादी तारा महिन्याभरात गंजतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटाला लागतात. दर पावसाळ्यात ‘अचानक जमेनासं झालं’ अशी तक्रार येते. गिटार तपासली की तारा उंच झालेल्या सापडतात.

शिक्षक शोधताना जुन्या पिढीच्या सरांकडे गेलात तर ते विचारतील, ‘‘हवाईयन की स्पॅनिश?’’ मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवायची ती हवाईयन. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत होती. आपण इथे बोलतो आहोत ती बोटांनी तारा दाबून वाजवायची स्पॅनिश.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचं गाडं अडतं ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. खासगी शिकवणी कशासाठी असते हे मला कुणाला दाखवायचं झालं तर मी सी आणि जी या दोन कॉर्ड निवडीन. तारा बारीककडून जाडीकडे मोजतात. सीमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. जी बहुतेक जण चित्र बघून अशी शिकतात: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्याला, अनामिका पहिल्या तारेवर तिसऱ्याला. दोन्ही सुट्या-सुट्या आठवडाभरात येतात. पण सीवरून अशा जीवर जायचं तर तिन्ही बोटं उचलून तीन वेगळ्या दिशांना पाठवावी लागतात. विद्यार्थी थांबतो, मान वाकवून एकेक बोट जागेवर नेऊन ठेवतो, तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं. घरी बसून तो हाच प्रकार पन्नास वेळा करतो, आणि थांबण्याचाच सराव होतो.

शेजारी बसलेला शिक्षक इथे बोटं बदलून देतो. जीसाठी अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्याला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्याला. सूर तेच निघतात. पण सीमध्ये अनामिका आणि मधलं बोट याच फ्रेटवर होती, फक्त एकेक तार अलीकडे. आता त्या दोघांनी आपला आकार न मोडता जोडीने एक तार सरकायचं. तर्जनी उठते, करंगळी बसते. तसंच सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नाही, एकटी अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर जाते. हे दिसलं की विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो. कॉर्ड म्हणजे पाठ करायच्या आकृत्या असं त्याला इतके दिवस वाटत असतं. आता तो दोन कॉर्डच्या मधला रस्ता शोधायला लागतो, आणि पुढची नवी कॉर्ड आली की स्वतःच विचारतो, ‘‘सर, यात कुठलं बोट तिथेच राहतं?’’ त्या प्रश्नानंतर शिकवणं सोपं होतं. अर्थात सगळ्यांनाच ही बोटं लागू पडत नाहीत. करंगळी फारच लहान किंवा आखडलेली असेल तर दुसरा मार्ग काढावा लागतो, आणि तो कुठला हे त्या हाताकडे बघूनच ठरतं.

उजव्या हाताचा मोठा भाग तालाचा. इथे मराठी विद्यार्थ्यांकडे एक ठेवा आधीपासून असतो, तो म्हणजे केरव्याचा. भजनांतून, भावगीतांतून तो अंगात मुरलेला असतो. आठ मात्रा मोजायच्या. एक, तीन, पाच, सातला हात वरून खाली. दोन, चार, सहा, आठला खालून वर. हात कधीच थांबवायचा नाही. आता दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांना न लावता हवेतून न्यायचा, बाकी सहा मात्रांना तारांवरून. जगभर नवशिक्यांना पहिल्यांदा शिकवला जाणारा स्ट्रमिंगचा साचा तो हाच. गंमत अशी, की पाचवी मात्रा ही केरव्यातली कालाची जागा, जिथे टाळी वाजत नाही, हात नुसता बाजूला जातो. तबल्याची थोडी ओळख असलेल्याला हे सांगितलं की त्याचा हात दहा मिनिटांत सुटतो. पुस्तकातल्या बाणांच्या खुणा बघून हेच शिकणारा मात्र खाली-वर-खाली असं घोकत राहतो आणि न लागणाऱ्या मात्रेला हात थांबवतो. हात थांबला की लय तुटलीच.

बोटं दुखणार. पोलादी तारांवर पहिले दोन-तीन आठवडे टोकं हुळहुळतात, मग त्वचेचा वरचा थर जाड होतो आणि दुखणं जातं. आंघोळीनंतर बोटं मऊ पडलेली असताना वाजवू नये, घट्टे सोलू नयेत, डाव्या हाताची नखं अगदी कापलेली ठेवावीत. मात्र दुखण्यात फरक करायला हवा. टोकांची हुळहुळ चालते. मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपरापर्यंत कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर त्याच क्षणी थांबायचं आणि पुढच्या तासाला आधी ते सांगायचं. ‘सहन कर, सवय होईल’ असं म्हणणारा शिक्षक इथे चुकतो आहे, आणि ही चूक महाग पडते.

एफ नावाची कॉर्ड या वाटेवरचा घाट आहे. तिच्यात तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात, त्याही पहिल्या फ्रेटला. कित्येक जण गिटार सोडतात ते इथे. पण तोच आकार पाचव्या फ्रेटला धरला तर पुष्कळ सोपा जातो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर साडेछत्तीस मिलिमीटर असतं. पुढे प्रत्येक घर आधीच्यापेक्षा लहान होत बाराव्यापाशी ते जेमतेम एकोणीस उरतं. शिवाय पहिल्या फ्रेटपाशी तार टोकाला टेकलेली असल्याने ताठ असते, दबत नाही. थोडक्यात, नवशिक्याला आपण वाद्याच्या सर्वांत रुंद आणि सर्वांत ताठ जागेवर आणून बसवतो. म्हणून हा आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवावा आणि आठवड्याला एकेक फ्रेट मागे यावं. लहान मुलांसाठी तिसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावूनच सुरुवात केली तर घरं आपोआप लहान होतात.

आठवड्यातला एक तास शिक्षकाकडे जातो. शिकणं होतं ते मधल्या सहा दिवसांत. त्यामुळे तासाची शेवटची पाच मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटतात. त्या वेळी वहीत दोन-तीन ओळी लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या नेमक्या हव्यात. ‘सी-जीचा सराव कर’ असं लिहून भागत नाही. ‘सी आणि जी, चार-चार मात्रा, मेट्रोनोम साठवर, अडखळलास तर पन्नासवर ये’ असं हवं. रोजची वीस मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त फळ देतात, आणि त्यामागे झोपेचा हात असावा. मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उजव्या हाताच्या लोकांना डाव्या हाताने पाच कळांचा एक क्रम वाजवायला शिकवला. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेवढेच तास जागं राहिलेल्यांत तसं झालं नाही. पुढे त्या आकड्यावर वाद झाले, पण काल संध्याकाळी न जमलेली बदली आज सकाळी हाताला लागते हा अनुभव शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो. सात दिवस थोडं-थोडं वाजवणाऱ्याला अशा सात रात्री मिळतात. त्यासाठी गिटार पिशवीत, कपाटावर ठेवू नये. भिंतीला किंवा स्टँडवर, हाताशी असावी.

वयाविषयी लोक मला हमखास विचारतात. थॉमस एल्बर्ट यांच्या गटाने १९९५ साली तंतुवाद्यं वाजवणाऱ्या नऊ जणांचे मेंदू तपासले, त्यात एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांची मेंदूतली जागा वाद्य न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठी झालेली आढळली, आणि लहानपणी सुरू केलेल्यांत जास्त मोठी. तेव्हा लवकर सुरू करण्याचा फायदा आहेच. पण चाळिशी-पन्नाशीतल्या विद्यार्थ्याकडे दुसरं बळ असतं: त्याने आयुष्यभर गाणी ऐकलेली असतात, सूर चुकला तर त्याला कळतं, आणि तो स्वतःहून आलेला असतो. त्याची बोटं सावकाश वळतात, पण वळतात.

गाणाऱ्या माणसाची अडचण वेगळी असते, आणि ती सोडवताना मला फार आनंद होतो. आपल्याकडे गाणारा म्हणतो, ‘‘माझी काळी एक.’’ गिटारच्या पुस्तकात काळी एक कुठेच नसते. काळी एक म्हणजे सी शार्प, आणि त्या पट्टीतल्या कॉर्ड नवशिक्याला अशक्यप्राय. मग कॅपो पहिल्या फ्रेटवर लावायचा आणि सीच्या ओळखीच्या कॉर्ड वाजवायच्या. काळी दोन असेल तर कॅपो तिथेच ठेवून डीच्या. पांढरी पाच असेल तर कॅपोशिवाय जीच्या. घरात पेटी असेल तर ती शेजारी ठेवून हे एकदा पडताळून पाहावं. गिटारच्या सहा तारा जाडीकडून मोजल्या तर पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लागलेल्या असतात. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकते. गिटारवरचा गांधार त्यांना चढा वाटतो. त्यांचा कान बरोबरच सांगत असतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गांधाराहून अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्शाने वर असतो. ती वाद्याची मूळ तडजोड आहे. खुंटी पिळून ती जात नाही. हे वेळेवर सांगितलं नाही तर असा विद्यार्थी महिनोन् महिने ट्यूनिंगला दोष देत राहतो.

शिक्षक पारखायला एक तास पुरतो. त्या तासात ते स्वतः किती वाजवतात आणि तुम्हाला किती वाजवू देतात ते पाहा. तुमच्या हाताला काही सांगतात, की सगळ्यांना तेच छापील पान देतात? गिटार तासाच्या सुरुवातीला तुमच्याकडून सुरात लावून घेतात का? तुम्हाला काय वाजवायचं आहे हे विचारलं का? उत्तम वादक उत्तम शिक्षक असेलच असं नाही. त्याच्या हातांना जे कधीचं सोपं झालं आहे ते अवघड का वाटतं हे त्याला आठवावं लागतं, आणि प्रत्येकाला ते जमत नाही. फी, बुडलेल्या तासाचं काय करायचं, सुट्टी किती दिवस आधी कळवायची, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्यावं. दोघांचंही पुढचं नातं निर्मळ राहतं.

परीक्षांचा प्रश्न पालक विचारतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे बरीच मुलं देतात. नोटेशन वाचणं, कान तयार होणं, ठरावीक तारखेला वाजवून दाखवणं यासाठी त्यांचा उपयोग आहे. पण वर्षभर परीक्षेतलेच तीन तुकडे वाजवणारं मूल मी पाहतो तेव्हा मला वाईट वाटतं. वाढदिवसाला एक साधं गाणं वाजवायला सांगितलं तर ते गोंधळतं. पहिल्या वर्षी परीक्षा नसावी, या मताला मी चिकटून आहे.

गावात शिक्षक नसेल, किंवा परदेशात राहून मराठीतून शिकायचं असेल, तर ऑनलाइन शिकवणी हा चांगला मार्ग आहे. एक मर्यादा आधी समजून घ्यावी. आवाज पोचायला सेकंदाच्या तीस-चाळीसाव्या भागाहून जास्त उशीर झाला की दोघांना एकत्र वाजवणं कठीण होतं, आणि व्हिडिओ कॉलवर तो बहुधा जास्तच असतो. म्हणून शिक्षकाने ध्वनिमुद्रित साथ आधी पाठवावी, विद्यार्थ्याने तिच्यावर वाजवावं, शिक्षकाने ऐकावं. कॉलच्या ॲपमधली आवाज गाळणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर ती गिटारलाच गोंगाट समजून कापते. कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता डाव्या हाताकडे वळवावा, आणि अधूनमधून मनगट दिसेल असा फिरवावा.

वर्षभराने, सात-आठ कॉर्ड हातात बसल्यावर, दर आठवड्याचा तास पंधरवड्यावर नेता येतो. मधल्या वेळात दुसऱ्या कुणाबरोबर वाजवावं: गाणारी बहीण, कॉलेजातला कहॉन वाजवणारा मित्र, सोसायटीतल्या गणपतीत पेटी वाजवणारे काका. तोवर आपल्याला क्लासिकल हवं, जॅझ हवं, की गाण्याला साथ एवढंच पुरे, याचा अंदाजही आलेला असतो. पहिले शिक्षक त्या वाटेचे नसतील तर शिक्षक बदलायला हरकत नाही. त्यांना तसं सांगून जावं. पुढच्या शिक्षकाचं नाव पुष्कळदा तेच सुचवतात.